शिलाईच्या खोलीतील सुटे दोरे आणि लव: पावसाळ्यात स्वच्छता कशी राखावी?

प्रश्न: घरगुती शिवणकाम, खानापूर तालुका

नमस्कार. जांबोटीच्या वाटेवरील एका गावात मी घरीच शिवणकाम करते. कौलारू घराच्या माजघराला लागून असलेली एक लहान खोली त्यासाठी ठेवली असून तिथे मोटार बसवलेले जुने काळे पायमशीन, एक इंटरलॉक मशीन, कापणीचे टेबल आणि इस्त्री एवढे सगळे मावते. ब्लाउज, परकर, साड्यांना फॉल-पिको, आणि शाळा उघडण्याच्या सुमारास मुलांचे गणवेश अशी कामे वर्षभर येत असतात.

माझी अडचण दोऱ्यांच्या तुकड्यांची आणि कापडाच्या लवेची आहे. उन्हाळ्यात खोली झाडली की कचरा निघतो, परंतु आमच्याकडे पाऊस एकदा लागला की तो सप्टेंबरपर्यंत हटत नाही, आणि त्या ओलसर हवेत हीच लव फरशीला, टेबलाच्या पायांना आणि मशीनच्या अंगाला चिकटून बसते. केरसुणी फिरवली तर ती एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाते एवढेच. काळ्या किंवा गडद जांभळ्या ब्लाउजवर पांढरी लव बसली की गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी अर्धा तास ती वेचण्यात जातो. मशीनही अलीकडे कुरकुरते. मधूनच टाका सुटतो, कधी टिपेच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे जाळे होते, आणि तेल घालूनही आवाज कमी होत नाही.

शिवाय धाकट्या जावेचे बाळ आता रांगू लागले आहे आणि ते नजर चुकवून या खोलीत येते. मशीन आतून कसे आणि किती दिवसांनी स्वच्छ करावे, हवेचा ब्लोअर घ्यावा का, पावसाळ्यात खोली कशी राखावी आणि या साऱ्या दोऱ्यांचे पुढे काय करावे, याविषयी अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

उत्तर: मशीन दुरुस्ती, शहापूर

ताई, तेल घालूनही आवाज राहतो असे आपण लिहिले आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करतो. लव साचलेल्या जागी तेल घातले तर ते धातूपर्यंत पोहोचतच नाही. दिव्याच्या वातीप्रमाणे ती लव तेल शोषून घेते, त्यात आणखी धूळ मिसळते, आणि जिथे दोन भाग एकमेकांवर सहज सरकायला हवेत तिथे चिकट लगदा तयार होतो. म्हणून आधी लव काढायची आणि मगच तेल द्यायचे, हा क्रम कधीही उलटा करू नये.

आपल्या काळ्या मशीनचे काम असे करावे. मोटारची पिन बोर्डातून काढून टाकावी. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण हात आत असताना पायाचा चुकून दाब पडू शकतो. सुई सर्वांत वर आणावी, दोरा आणि सुई काढून घ्यावी, कापड दाबून धरणारा मशीनचा पाय सोडवावा. सुईखालची प्लेट दोन स्क्रूंनी बसवलेली असते, ती उघडली की कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांच्या फटी दिसतात. बहुतेक मशिनांत या फटींमध्ये लवेचा दाबून घट्ट झालेला थर असतो. तो ब्रशने निघत नाही, जुन्या सुईच्या टोकाने किंवा दात कोरण्याच्या काडीने उचलून काढावा लागतो. हा थर असला की दाते पूर्ण वर येत नाहीत, कापड नीट ओढले जात नाही आणि टाके मध्येच आखूड पडतात.

त्यानंतर खालून बॉबिन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ ठेवायची डबी, काढावी. शटलभोवतीची गोल कडी दोन खिट्ट्या बाजूला केल्या की सुटते. ती कडी आणि चंद्रकोरीच्या आकाराचे शटल दोन्ही बाहेर घेऊन, शटल फिरते ती खाच कोरड्या सुती कापडाने पुसावी. अनेकदा तिथे दोऱ्याचा एखादाच लहान तुकडा अडकलेला असतो आणि साऱ्या कुरकुरीचे कारण तोच असतो. शटल कोणत्या बाजूने बसले होते हे काढताना पाहून ठेवावे. बॉबिन केसच्या अंगावर जी पातळ पोलादी पट्टी असते, तिच्याखाली जाड कागदाचा कोपरा सरकवून आतली लव ओढून काढावी, कारण तिथे अडकलेला एक तंतूही खालच्या दोऱ्याचा ताण बदलतो.

टिपेच्या खाली जाळे होते त्याचा दोष मात्र बहुधा वरच्या दोऱ्यात असतो. वरच्या टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याचा ताण राखणाऱ्या, दोन चकत्यांमध्ये लव बसली की त्या दोऱ्याला पुरेशा दाबत नाहीत, वरचा दोरा सैल सुटतो आणि त्याचे वेटोळे खाली दिसतात. मशीनचा पाय वर उचलला की या चकत्या मोकळ्या होतात. त्या स्थितीत स्वच्छ सुती कापडाची दुमडलेली पट्टी त्यांच्यामधून दोन-तीन वेळा पुढेमागे ओढावी. यापुढे रीळ बदलताना दोरा रिळाजवळ कापावा आणि सुईच्या बाजूने पुढे ओढून काढावा. उलट ओढला तर त्याची सारी लव चकत्यांमध्ये परत जाते.

टाका सुटण्याचे कारण लव असू शकते, तरी आधी सुई बदलून पाहावी. बोथट किंवा किंचित वाकलेली सुई टाके चुकवतेच, शिवाय कापडाचे तंतू तोडून नवी लव निर्माण करते. साध्या पॉपलिनला १४ नंबरची सुई पुरते, जिची जाडी ०.९० मिलिमीटर असते. पातळ ब्लाउजपीसला ११ नंबर आणि गणवेशाच्या जाड पँटच्या कापडाला १६ नंबर वापरावी.

तेल शिलाई मशीनचेच, पांढरे आणि पातळ असावे. खोबरेल किंवा गोडेतेल काही दिवसांनी घट्ट होऊन चिकटते. प्रत्येक छिद्रात एक-एक थेंब, शटलच्या खाचेत एक थेंब, आणि नंतर टाकाऊ कापडावर भरपूर टिपा घालाव्यात, म्हणजे जास्तीचे तेल त्यावर उतरेल. जुने तेल वाळून मशीन जड झाले असेल तर काही कारागीर रॉकेल वापरतात. त्याने चिकटा सुटतो हे खरे, परंतु रॉकेल हे वंगण नव्हे. ते वापरलेच तर मोटार उतरवून, उघड्या जागी, जवळपास कोणतीही आग नसताना वापरावे आणि पूर्ण पुसून वाळल्यावर तेल द्यावे.

किती दिवसांनी, याचे उत्तर कापडावर अवलंबून आहे. मखमल किंवा फलालीन शिवले की त्याच दिवशी शटल पुसावे. साध्या कामात बॉबिन बदलताना दरवेळी ब्रश फिरवावा आणि आठवड्यातून एकदा प्लेट उघडावी. इंटरलॉकला मात्र रोज उघडावे, कारण तिचा चाकू सतत कडा कापत असतो आणि ती भुकटी थेट लूपरच्या, म्हणजे खालून दोऱ्याचे वेढे घालणाऱ्या आकड्यांच्या, जागेत पडते.

ब्लोअर घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. ब्रशने आणि चिमट्याने लव आपल्याकडे ओढून घेता येते. हवा तिला आणखी आत, दांड्यांच्या आणि मोटारच्या जागेत ढकलते, जिथे आपला हात कधीच पोहोचणार नाही.

उत्तर: गारमेंट लाइन, बेळगाव

वरील शेवटच्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत नाही. शिलाईच्या युनिटमध्ये कॉम्प्रेसरच्या हवेने मशीन साफ करणे ही नित्याची गोष्ट आहे, आणि एका रांगेत पुष्कळ मशीन असताना प्रत्येक फट काडीने कोरत बसणे शक्य नसते. इंटरलॉकचे पुढचे आणि बाजूचे झाकण उघडून, आतून बाहेरच्या दिशेने हवा मारली तर भुकटी बाहेरच येते. अडचण दिशेची आहे, हवेची नव्हे.

उत्तर: मशीन दुरुस्ती, शहापूर

दिशेचा मुद्दा मान्य. परंतु युनिटमधील हवेच्या वाहिनीला पाणी अडवणारा फिल्टर असतो आणि तिथला हॉल मोठा असतो. दाबलेल्या हवेत ओलावा साचतो, आणि आपल्या भागात जुलै-ऑगस्टमध्ये साध्या कॉम्प्रेसरच्या तोंडातून पाण्याचे तुषारच येतात; ते शटलवर बसले की गंज चढलाच. गंजामुळे पृष्ठभाग खरखरीत होतो, खरखरीत भागावर दोरा घासतो, आणि घासलेल्या दोऱ्यातून पुन्हा लव सुटते. त्याशिवाय दहा बाय दहाच्या खोलीत उडवलेली लव जाणार कुठे? ती शेजारच्या शिवलेल्या ब्लाउजवरच बसणार. घरात व्हॅक्युम क्लीनर असेल तर त्याच्या नळीच्या तोंडावर जुना पातळ पायमोजा ताणून बांधावा आणि मशीनजवळ धरावा. लव मोज्यावर अडकते आणि एखादा सुटा स्क्रू आत ओढला जात नाही.

उत्तर: यंत्रमाग, वडगाव

आमचे घर साड्यांच्या मागावर चालते, त्यामुळे लव हा आमच्याही रोजच्या कामाचा भाग आहे. ताईंनी ओलसर हवेत ती चिकटते असे लिहिले आहे, त्याचे कारण सुताच्या स्वभावात आहे. ६५ टक्के आर्द्रतेच्या प्रमाणित हवेत सुती धागा स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरून ठेवतो, तर पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. म्हणजे पावसाळ्यात सुती लव जड होते, एकमेकांत गुंतते आणि जिथे पडली तिथे बसते. उलट फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत पॉलिएस्टरच्या कापडावर स्थिर वीज तयार होते आणि ते आसपासची लव स्वतःकडे ओढून घेते. त्यामुळे एकच पद्धत बारा महिने चालत नाही.

पावसाळ्यात कोरडी केरसुणी खोलीत आणूच नये. घट्ट पिळलेल्या जाड सुती फडक्याने, एकाच दिशेने, भिंतीकडून दाराकडे पुसत यावे आणि फडके घडी बदलत वापरावे. गोलगोल पुसले तर लवेचे दोर वळले जातात आणि मागेच राहतात. फडके ठिबकता कामा नये, कारण फरशी ओली राहिली की पुढची लव तिथे आणखी घट्ट बसेल. पुसण्याआधी पंखा बंद करावा, आणि सुरुवात नेहमी वरून करावी. ट्यूबलाइट, पंख्याची पाती, दोऱ्यांच्या रिळांचे फळकूट, मग टेबल, मग मशीन आणि सर्वांत शेवटी फरशी. पंख्याच्या पात्यांकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही, आणि शिवून झालेल्या कपड्यांवर लव पडते ती पुष्कळदा तिथूनच. उन्हाळ्यात फडके किंचित दमट असले तरी पुरते.

कौलारू घर असल्यामुळे आणखी एक सुचवतो. मशीनच्या वर कौलांखाली जुन्या सुती साडीचे छत बांधावे आणि ते अधूनमधून धुवावे. मशीनवरही प्लॅस्टिकऐवजी सुती कापडाचेच आच्छादन घालावे. प्लॅस्टिकखाली ओलावा कोंडतो, आणि त्यात लव असली की ती ओली होऊन पोलादाला दिवसरात्र लागून राहते.

श्वासाविषयी थोडे गांभीर्याने लिहितो. कापसाच्या धुळीत वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांना बिसिनोसिस नावाचा फुफ्फुसांचा विकार होतो. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे हे त्याचे सुरुवातीचे लक्षण आहे. तो मुख्यतः सूतगिरण्यांतील विकार असून घरच्या शिलाईत धुळीचे प्रमाण तेवढे नसते. तरीही ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी इंटरलॉक उघडताना नाकातोंडावर मास्क किंवा निदान रुमाल बांधावा आणि खिडकी उघडी ठेवावी.

उत्तर: शिवणवर्ग, निपाणी

वरील दादांनी साचलेली लव कशी काढावी ते उत्तम सांगितले आहे. मी वर्गात मुलींना शिकवते ते त्याच्या आधीचे, म्हणजे दोरा फरशीवर पडूच न देण्याचे काम. खोली कितीही पुसली तरी हात कापलेला दोरा खाली टाकत राहिले, तर ती पुसणी संध्याकाळपर्यंतही टिकत नाही.

मशीनच्या टेबलाला उजव्या बाजूला, हात सहज पोहोचेल अशा उंचीवर, तोंडाला तार घालून उघडी राहील अशी कापडी पिशवी टांगावी. टोक कापले की दोरा पिशवीत, हा हाताचा वळसा काही दिवसांतच अंगवळणी पडतो. इंटरलॉकखाली, कापलेली पट्टी जिथून घसरते तिथे, दुसरी मोठी पिशवी बांधावी. कपडा उसवायचा असेल तर मांडीवर फिक्या रंगाचा पंचा पसरावा आणि काम झाल्यावर तो घराबाहेर नेऊन झटकावा, कारण उसवणीचे दोरे सर्वांत आखूड असतात आणि सर्वांत दूर उडतात. टीप सुरू करताना दोन्ही दोरे चार-पाच इंच पाठीमागे घेऊन बोटाने धरावेत. ते आखूड राहिले तर सुरुवातीच्याच टाक्यांत आत ओढले जातात, खाली गोळा होतो, आणि तो उसवताना पुन्हा तुकडे पडतात. शेवटी उलटी टीप घालून टोके तिथल्या तिथे कापावीत. सगळा कपडा शिवून झाल्यावर दोरे काढायचे ठेवले की काही राहतातच, आणि गिऱ्हाइकाची नजर नेमकी त्यांच्यावर पडते.

खणाच्या कापडाविषयी विशेष सांगावेसे वाटते, कारण आपल्या भागात इरकल साडीवर खणाचा ब्लाउज शिवून घेणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. गुळेदगुड्डच्या खणाच्या कडा कापल्याबरोबर सुटू लागतात. तो कापल्यावर दिवसभर टेबलावर ठेवू नये. तुकडे कापून झाले की लगेच कडांना इंटरलॉक करावे आणि मगच जोडणीला घ्यावे. यामुळे लव कमी होते, आणि शिलाईसाठी सोडलेली जागाही झिजत नाही.

गडद कपड्यांवरील लवेसाठी कामाचा क्रम बदलून पाहा. पांढरे गणवेश आणि काळे ब्लाउज एका पाठोपाठ एक घेऊ नयेत. फिक्या रंगाचे सारे काम उरकावे, टेबल, मशीनचा पाय आणि दाते पुसावेत, बॉबिन बदलावी, आणि मग गडद काम सुरू करावे. तरीही लव बसलीच तर भांडी घासायचा रबरी हातमोजा किंचित ओला करून कपड्यावरून एकाच दिशेने फिरवावा, किंवा चिकटपट्टी उलटी करून हाताला गुंडाळावी. हे इस्त्रीच्या आधी करावे. लवेवरून गरम इस्त्री फिरली की ती कापडात दाबली जाते आणि निघता निघत नाही.

बाळाविषयी जे विचारलेत त्याला मी सर्वांत जास्त महत्त्व देते. सुटा दोरा किंवा लांब केस तान्ह्या मुलाच्या पायाच्या अथवा हाताच्या बोटाभोवती गुंडाळला गेला तर तो आवळत जातो आणि बोटाचा रक्तपुरवठा अडू शकतो. सूज आली की दोरा मांसात रुतून दिसेनासा होतो. बाळ कारण कळत नसताना सतत रडू लागले तर मोजे काढून एकेक बोट पाहावे. बोट सुजलेले किंवा लाल-निळे दिसले आणि दोरा सहज सुटला नाही, तर तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे. बाळाचे मोजे, टोपडी आणि दुपटी शिवताना आतील बाजूचे एकही टोक लांब सोडू नये. खोलीच्या दाराला गुडघाभर उंचीची फळी लावावी. पुसण्याआधी फरशीवरून लोहचुंबक फिरवून टाचण्या उचलाव्यात आणि तुटलेल्या सुया झाकणाच्या डबीत टाकाव्यात. घरात मांजर असेल तर तिच्यापासूनही दोरे दूर ठेवा. गिळलेला दोरा आतड्यात अडकतो, आणि तोंडातून लोंबणारे टोक आपण ओढले तर इजा वाढते, म्हणून ते न ओढता जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावे.

गोळा झालेल्या कचऱ्याची विभागणी पिशवीतच केलेली बरी. मोठ्या चिंध्या वाकळेला जातात. आपल्या शेजारच्या कन्नड घरांत तिलाच कौदी म्हणतात, आणि ती शिवणाऱ्या बायका अशा चिंध्या आनंदाने घेतात. दोरे आणि लहान कातरण उशीत, लोडात किंवा मुलांच्या बाहुल्यांत भरता येते, मात्र त्यात टाचणी नाही याची हाताने चाचपून खात्री करावी. शुद्ध सुती दोरे बारीक कापून शेणखताच्या खड्ड्यात टाकले तर कुजतात. पॉलिएस्टर कुजत नाही, आणि ते चुलीत किंवा बंबात तर मुळीच घालू नये. त्याचा धूर विषारी असतो आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटून भाजतो.

प्रश्नकर्ती: घरगुती शिवणकाम, खानापूर तालुका

आपण सर्वांनी इतके मन लावून लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. अक्का, बोटाला दोरा आवळण्याची गोष्ट मला ठाऊकच नव्हती. ती आजच जावेला वाचून दाखवली. शहापूरच्या दादांच्या सांगण्याप्रमाणे प्लेट उघडली, तर दात्यांमध्ये खरोखरच करड्या रंगाचा घट्ट थर निघाला, आणि टेन्शनच्या चकत्यांतून एक निळा दोरा बाहेर आला. जाळे होणे थांबले आहे. आता एकच शंका उरली. मशीनला मागून लावलेल्या मोटारच्या जाळीतही लव दिसते, आणि मशीन बराच वेळ चालले की किंचित जळका वास येतो. मोटार मी स्वतः उघडावी का?

उत्तर: मशीन दुरुस्ती, शहापूर

नाही ताई, मोटार उघडू नका, आणि वासाचा उलगडा होईपर्यंत ती वापरूही नका. घरगुती मशीनच्या या लहान मोटारीत कार्बनचे ब्रश असतात, ते फिरत्या भागावर घासतात आणि तिथे बारीक ठिणग्या पडत असतात. जाळीतून आत गेलेली लव तेलकट असेल तर तीच पेटू शकते. लवेने हवेची वाट बंद झाल्यामुळेही मोटार तापते. पिन काढून जाळीवरची बाहेरची लव कोरड्या ब्रशने उचलून घ्या, आणि मोटार उतरवून कारागिराकडे न्या. तो आतील लव काढेल, झिजलेले ब्रश बदलेल आणि वायरीचे आवरण तपासेल. तोवर मोटारचा पट्टा काढून पायडलवर काम करता येईल. पायडलच्या दांड्याच्या दोन्ही टोकांना आणि मोठ्या चाकाच्या आसाभोवती दोरे गुंडाळलेले असण्याची शक्यता मोठी आहे, ते पट्टा चढवण्याआधी कात्रीने कापून काढा आणि तिथे तेलाचा एक-एक थेंब द्या.